मत्स्यपेटीतले पाणी जाते कोठे?

दिवाणखान्यातील मत्स्यपेटी हा मुलांचा विरंगुळा आणि थकल्या डोळ्यांचा विसावा. परंतु एखाद्या सकाळी तिच्याखाली ओल दिसते, पाणी दोन बोटे उतरलेले असते आणि घरात धांदल उडते. कोणी मासे नळाच्या पाण्यात लोटतो, कोणी ओल्या सांध्यावरच सिलिकोन फासतो. या घाईत मासे दगावतात. गळती मात्र तशीच राहते.

प्रथम गळती आहे की नाही, हेच ठरवावे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वैशाखात पंख्याखालील उघड्या पेटीतले पाणी नुसते वाफ होऊनही उतरते. उलट गोव्याच्या पावसाळ्यात पेटीत गार पाणी भरले, की दमट हवेतील बाष्प काचेवर बाहेरून जमते व ओघळते. यासाठी पेटीशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवावी व दोन्हींवर पातळीची खूण करावी. दुसऱ्या दिवशी पाणी दोन्हींकडे जवळपास सारखेच उतरले, तर दोष हवेचा. पेटीतले बरेच अधिक उतरले, तर पाणी अन्य वाटेने जात आहे.

तरीही सांध्यावर लगेच संशय घेऊ नये. फिल्टरची नळी सैल असते, बुडबुड्यांचे शिंतोडे काठाबाहेर उडतात. हवेचा पंप पातळीखाली असेल, तर वीज जाताच त्याच्या नळीतून पाणी उलटे वाहू शकते. तो उंचावर ठेवावा. फिल्टर व पंप तास-दोन तास बंद ठेवून, बाहेरची काच पुसून पाहावे. ओल पुन्हा न आली, तर काच बहुधा निर्दोष.

ओल आलीच, तर पेटीभोवती कोरडे वर्तमानपत्र पसरावे. कोणती बाजू आधी भिजते, ते कळेल. मात्र पाणी कडेकडेने सरकून मग टपकते. म्हणून भिजलेली जागा म्हणजेच छिद्र नव्हे. खरी कसोटी पातळीची. पाणी उतरत जाऊन जेथे थांबेल, त्याच उंचीवर चारी बाजूंनी सांधे तपासावेत. थांबलेच नाही, तर दोष तळाशी. तोवर मासे पेटीतल्याच पाण्याच्या बादलीत, हवेची नळी सोडून ठेवावेत.

दुरुस्तीसाठी पेटी रिकामी करून जुना सिलिकोन पात्याने खरवडावा, कारण त्यावर नवा नीट धरत नाही. काच स्पिरिटने पुसून कोरडी करावी. सिलिकोन मत्स्यपेटीसाठीचाच घ्यावा. न्हाणीघरासाठीच्या सिलिकोनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना घातक. दोन दिवस सुकू देऊन, पाणी भरून एक दिवस पाहावे. मगच मासे सोडावेत.

सांधा मुळात का उकलला, हेही पाहावे. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर, म्हणजे ५६ किलो पाणी मावते. मेज किंचित जरी कलते असले, तरी तो भार काचेला व सांध्यांना पिळतो. म्हणून पेटी परत ठेवण्यापूर्वी गवंड्याची पाणसळ मेजावर ठेवून पाहावी.