संगणक कंपन्यांची जुनी कागदपत्रे : रद्दी की ठेवा?

जुन्या संगणकांना गिऱ्हाईक असते, हे आपल्या व्यापारी बांधवांनी ऐकले असेल. पण हे संगणक जिथे तयार झाले त्या कचेऱ्यांतील चेक, व्हिजिटिंग कार्डे, कामगारांचे बिल्ले, टी-शर्ट यांचाही अमेरिकेत लिलाव होतो. हा व्यवहार कसा चालतो ते पाहू.

ॲपल कंपनी १ एप्रिल १९७६ रोजी कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्स, स्टीव्ह वॉझ्नियाक आणि रोनाल्ड वेन या तिघांच्या भागीदारीत सुरू झाली. वेन थोड्याच दिवसांत बाहेर पडले. त्यांच्या १० टक्के हिश्शाचे त्यांना ८०० डॉलर मिळाले. आपल्याजवळचा भागीदारीचा करारनामा त्यांनी १९९० च्या दशकात ५०० डॉलरला विकला. तोच कागद २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास १६ लाख डॉलरला गेला. जॉब्स यांनी १९७६ मध्ये रेडिओ शॅक या दुकानाच्या नावे लिहिलेल्या अवघ्या ४ डॉलर १ सेंटच्या चेकला २०२३ मध्ये ४६,०६३ डॉलर आले.

एवढी किंमत का? पहिले कारण दुर्मिळता. त्या काळातल्या अनेक कंपन्या बुडाल्या. ऑस्बोर्नने १९८३ मध्ये, कमोडोरने १९९४ मध्ये दिवाळे काढले. कंपनी बंद पडली की टेबल-खुर्च्या विकल्या जातात आणि कागद रद्दीत जातो. कामगारांनी घरी नेले तेवढेच उरते.

दुसरे कारण पुरावा. मॅकिंटॉश संगणक तयार करणाऱ्या कामगारांच्या कपड्यांवर ‘आठवड्याला ९० तास, तेही आनंदाने’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. तशी नक्कल काढणे किती सोपे आहे, हे छपाईच्या धंद्यातील बांधवांना सांगायला नको. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतो : वस्तू कोणाची? तो कोणत्या खात्यात, कोणत्या साली होता? नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती किंवा तोच कपडा घातलेला फोटो सोबत असेल तर भाव मिळतो. नसेल तर तो नुसता जुना कपडा.

एक इशारा द्यायला हवा. मोठे आकडे जॉब्स यांच्यासारख्यांच्या सहीचे आहेत. साध्या बिल्ल्याला किंवा कपाला तसा भाव येत नाही. ते आकडे पाहून भांडवल अडकवू नये.

हाती आलेला कागद लॅमिनेट करू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये. ओल आणि ऊन यांपासून तो दूर ठेवावा. आणि जुन्या कचेरीचा माल उचलताना देणाऱ्याचे नाव, साल आणि हकिगत त्याच दिवशी लिहून घ्यावी, जमल्यास त्याची सही घ्यावी. माल विकून तो माणूस निघून गेला की ही माहिती पुन्हा मिळणे कठीण, आणि तिच्याविना मालाला रद्दीचाच भाव.