लाँचमागचे पाहुणे

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचे विहार सुरू होतात आणि घराघरांत निरोपाची हुरहुर दाटते. नेमक्या याच दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर याच्या उलट घडत असते. दूरचे प्रवासी मुक्कामाला उतरू लागतात. त्यांची पहिली वर्दी धोबी पक्षी देतो. शेपूट सतत वरखाली हलवणारा हा चिमुकला जीव हिमालयाकडून येऊन आपल्या गच्चीवर किंवा समोरच्या मैदानात निश्चिंत फिरू लागतो. आपण मात्र त्याला चिमणीचाच कोणी भाऊबंद समजून पुढे जातो.

कुरवांकडे असे दुर्लक्ष होत नाही. गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमागे त्यांचा पांढरा थवा कलकलाट करीत येतो. मुंबईत त्यांच्या दोन जाती विशेष दिसतात, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. नाव वाचून पाहायला गेलेला माणूस फसतो, कारण हिवाळ्यात ते गडद डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे केवळ एक डाग उरतो. परतीचे दिवस जवळ आले की रंग पुन्हा चढू लागतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटमधील उंचावरच्या सरोवरांकाठी घरटी करतो. ती सरोवरे गोठण्यापूर्वी तो सागरकिनारा गाठतो.

कार्तिकात अलिबागला जाताना आम्हीही कित्येक वर्षे गाठियांची दोन पाकिटे घेत असू. एक मुलांसाठी, एक या पाहुण्यांसाठी. मुले मूठभर गाठिया हवेत उडवीत, कुरव ते वरच्या वर टिपत आणि सारी लाँच टाळ्या वाजवी. एकदा शेजारी उभ्या असलेल्या खलाशाने हसत विचारले, "शेठ, दर्यात यांना खायला काय कमी आहे का?" उत्तर सुचले नाही. पाकीट मात्र तेव्हा संपवूनच टाकले, हे कबूल केले पाहिजे.

कुरव लहान मासे, कोळंबी, किडे खातो. ते त्याचे निसर्गदत्त अन्न आहे, आपल्याला रुचो वा न रुचो. तळलेल्या बेसनाने त्याचे पोट भरते, पण वसंतात पुन्हा हिमालय ओलांडण्यासाठी अंगात जी शिदोरी साठवावी लागते, ती गाठियांतून मिळत नाही. शिवाय लाँचमागे आयते खाण्याची सवय जडते आणि दाटीवाटीने जमणाऱ्या थव्यांत रोग पसरण्याची भीती वाढते. आपल्या दुकानांत जीवदयेचा गल्ला असतो. दया म्हणजे हाताने काहीतरी देणे, असाच हिशेब आपण धरतो. न देणे जमेच्या बाजूला लिहिण्याची आपल्या वहीत सोयच नाही!

या पक्ष्यांचे खरे अन्नछत्र पाहायचे असेल तर ओहोटीच्या वेळी शिवडीच्या धक्क्यावर जावे. पाणी मागे सरते, मैलभर चिखल उघडा पडतो आणि तुतवार, टिलवे अशा किनारी पक्ष्यांच्या चोची त्यात चालू लागतात. थंडी वाढते तसे गुजरातकडून रोहितही येतात. काही हिवाळ्यांत त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. लहान रोहित चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो, आणि त्याची गुलाबी झाकही त्या शेवाळातूनच येते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

परंतु चिखल ओहोटीपुरताच उघडा असतो. भरतीच्या वेळी या हजारोंनी बसायचे कोठे? नवी मुंबईतील उथळ तलाव आणि जुनी मिठागरे हीच त्यांची धर्मशाळा. बांधकाम व्यवसायात असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना ही 'पडीक' जमीन वाटते. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली की तलाव मरतो. मग थव्यांना भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी उडावे लागते. नेरुळच्या तलावाची अशी दुर्दशा झाली, तेव्हा २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे रोहित मेलेले आढळले. त्याच वर्षी मे महिन्यातील एका रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून ३५ हून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. ते त्या वाटेने का निघाले होते, यावर जाणकारांत मतभेद आहेत. त्यांच्या विसाव्याच्या जागा आक्रसत चालल्या आहेत, यावर मात्र नाहीत.

गेल्या कार्तिकात नातीला घेऊन पुन्हा मांडव्याला निघालो. गाठियांचे पाकीट तिच्या हातून काढून पिशवीत ठेवले, तेव्हा ती रुसली. "आजोबा, ते उपाशी राहतील ना!" कुरव थोडा वेळ लाँचमागे आले, काही मिळत नाही असे पाहून पांगले. त्यांतला एक दूरवर पाण्यावर घिरट्या घालू लागला. मग पंख आखडून तो खाली झेपावला आणि चोचीत काहीतरी चमकते घेऊन वर आला. नात रुसवा विसरून कठड्याला टेकून पाहत राहिली.