लांब नखं आणि कॉन्टॅक्ट लेन्स

 

आमची पुतणी एका लग्नासाठी आमच्याकडे उतरली होती. बोटांवर नवीकोरी ॲक्रिलिकची नखं. रात्री लेन्स काढताना ती ओरडली. सकाळी डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळावर हिरवी रेघ चमकत होती. नखाचा ओरखडा! वेळेत उपचार झाले म्हणून निभावलं. ती विचारू लागली, "काका, आता नखं काढूनच टाकू का?" तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

धोका दोन प्रकारचा आहे. पहिला ओरखड्याचा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याचा वरचा संरक्षक थर त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतका. दुसरा धोका जंतूंचा. कृत्रिम नखाखाली आणि त्याच्या कडेच्या फटीत मळ साचतो, तो नुसत्या हात धुण्याने निघत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या सूचनांत रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत असं म्हटलं आहे. स्यूडोमोनाससारखा जंतू ओरखड्यातून आत शिरला, तर एक-दोन दिवसांत कॉर्नियावर जखम होऊन नजर जाऊ शकते.

आता कवायत. आधी साबणाने हात धुवा, नखांखाली मऊ ब्रश फिरवा, चांगले खळखळून धुवा आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. लेन्स डबीतून नखाने उकरू नका. डबी तळहातावर अलगद उपडी करा. घालताना लेन्स तर्जनीच्या गादीवर ठेवा, टोकावर नाही.

काढताना घाई नको. वर बघा, खालची पापणी ओढा, बोटाच्या गादीने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवा. मग चिमटीऐवजी दोन्ही हातांच्या तर्जनी आडव्या धरा आणि दोन्ही बाजूंनी गादीनेच हलके दाबा. लेन्स दुमडून सुटते. नखांची टोकं डोळ्यापासून लांब राहतात. मऊ लेन्ससाठी सिलिकॉनच्या टोकाचा चिमटाही मिळतो, पण तो आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अंगठा आणि तर्जनीची नखं आखूड ठेवायची. बाकीची मिरवा!

पाण्याचं विसरू नका. बंगळुरूत कुणाकडे कावेरीचं, कुणाकडे बोअरचं, कुणाकडे टँकरचं. यातलं कुठलंच लेन्सला लावायचं नाही. नळाच्या पाण्यात अकँथामीबा असू शकतो आणि त्याचा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो. सोल्यूशन रोज नवं घाला, डबी तीन महिन्यांनी बदला. नखांच्या गोंदाची बाटली डोळ्यांच्या थेंबांजवळ ठेवू नका. दोन्ही दिसायला सारख्याच असतात.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढा, चष्मा लावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबी सोबत न्या. दुकानातून मनाने स्टिरॉइडचे थेंब घेऊ नका.

पुतणीने दोन बोटांची नखं आखूड केली. लग्नात मात्र चष्मा लावूनच फोटो काढले, आणि ते छान आले आहेत.