घरचं इलेक्ट्रॉनिक्स (भाग ९) : टाकी भरली की सेल लवकर का संपतो?

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्याहून एका वाचकाने विचारलं आहे. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच बसवला, त्याला ईएसपी८२६६चा तयार वायफाय बोर्ड आणि १८६५० जातीचा २५०० एमएएचचा सेल जोडला. बोर्ड दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, टाकीची खबर मोबाईलवर देतो आणि झोपतो. सेल सहा महिने जाईल असा हिशोब होता. तो दोन आठवड्यांत संपतो. सेल डुप्लिकेट लागला असेल का?

लागलाही असेल. ९९०० एमएएच छापलेले १८६५० बाजारात सर्रास मिळतात, आणि या आकाराच्या चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास असते. पण इथे सेलवर आळ घेण्याआधी बोर्ड झोपेत किती खातो ते पाहू.

विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरला हा घोर नसतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारखी यंत्रं मोटारीच्या स्टार्टरशेजारी लाइनवरच बसतात. आपल्या टाकीजवळ मात्र लाइन नाही, सगळा संसार एका सेलवर.

जागेपणीचा खर्च आधी काढू. बोर्ड सहा सेकंद जागा राहून सरासरी ८० मिलिअँप घेत असेल, तर पंधरा मिनिटांवर तो खर्च पसरून अर्ध्या मिलिअँपच्या जरा वर जातो. नुसती चिप गाढ झोपेत साधारण २० मायक्रोअँप घेते. मग २५०० एमएएच दोन आठवड्यांत जातातच कसे? कारण चिप झोपली तरी बोर्ड झोपत नाही. त्यावरचा एएमएस१११७ हा रेग्युलेटर स्वतःसाठीच पाचेक मिलिअँप पितो. यूएसबीची चिप आणि लाल दिवा धरून आठ झाले, तर २५०० एमएएच तेरा दिवसांत साफ. शिवाय या रेग्युलेटरला आत-बाहेर व्होल्टभराचा फरक लागतो, त्यामुळे सेल ३.७ व्होल्टवर आला की चिपला जेमतेम २.७ मिळतात आणि सेलमध्ये बरीच शिल्लक असतानाच बोर्ड अडखळायला लागतो.

हे मोजायचं कसं? मल्टिमीटर मायक्रोअँपवर लावून सरळ मध्ये घातलात, तर वायफाय सुरू होताच मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होत बसतो. त्यापेक्षा सेलच्या वायरीत १० ओहमचा रेझिस्टर टाका आणि त्याच्या दोन टोकांना एका वायरने शॉर्ट करून ठेवा. बोर्ड झोपला की वायर काढा, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाचा. एक मिलिव्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँप. ८० मिलिव्होल्ट दिसले की चोर सापडला. बोर्ड जागा व्हायच्या आत वायर परत लावायला विसरू नका.

उपाय : तयार बोर्डाऐवजी नुसतं ईएसपी मॉड्यूल घ्या, एमसीपी१७०० किंवा एचटी७३३३ रेग्युलेटर लावा (हे काही मायक्रोअँपवर भागवतात) आणि वायफायच्या झटक्यासाठी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा.

आता शीर्षकातली गंमत. हे केल्यावर दुसरी गळती उघडी पडते, जी आधी आठ मिलिअँपच्या गोंगाटात दिसतच नव्हती. टाकी भरली की फ्लोटचा संपर्क जुळतो आणि पुल-अपच्या (चिपची पिन सप्लायकडे ओढून धरणाऱ्या) १० किलोओहम रेझिस्टरमधून ०.३३ मिलिअँप सतत वाहतात, झोपेच्या खर्चाच्या दहापटीहून जास्त. टाकी रिकामी असताना ही गळती बंद. तिथे एक मेगाओहमचा रेझिस्टर लावा, हिशोब तीन मायक्रोअँपवर येतो.

तिसरी भानगड माझ्या मते सगळ्यात वाईट, आणि ती आहे प्रोग्राममध्ये. लाइट गेली की घरातला राउटर बंद होतो. बोर्ड वेळेवर जागा होतो, राउटर शोधतो, सापडत नाही, आणि प्रोग्रामने ‘पुरे’ म्हटलं नसेल तर लाइट येईपर्यंत शोधतच राहतो. सहा तास लाइट गेली तर ४८० एमएएच, सेलचा जवळजवळ पाचवा हिस्सा, नुसत्या शोधाशोधीत गेला. आठ सेकंदांत राउटर सापडला नाही तर पुढच्या पाळीपर्यंत झोप, अशी एक अट लिहा. याला एक पैसाही लागत नाही.

एवढं केल्यावर सहा महिन्यांचा हिशोब खरा ठरतो. खबर तासातून एकदाच घेतलीत तर कागदावर वर्षापेक्षा जास्त, पण गच्चीवरच्या एप्रिल-मेच्या उन्हात सेल आपोआपही झिजतो, म्हणून डबी सावलीत बसवा. सोलर पॅनल लावायचा विचार असेल तर घाई करू नका : ४५ अंशांच्या वर तापलेला लिथियम सेल चार्ज करणं बरं नाही. ते पुढच्या आठवड्यात.