माई बर्फ पाहून आल्या

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. त्यांचा मुलगा सिएटलला नोकरीला. दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्याचा फोन आला, ''काकू, आईला घेऊन ये. अलास्काच्या बोटीचं बुकिंग करतो आहे. सात रात्री. हिमनद्या दाखवतो.'' माई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ''मले काय करायचं आहे तिकडं? बर्फ पाहून का पोट भरते?''

खरं कारण मला ठाऊक होतं. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून माई लग्नात मागच्या रांगेत, हळदीकुंकवाला स्वयंपाकघरात. मौजेसाठी परदेशी गेल्या तर गाव काय म्हणेल, हीच भीती.

आणि मी? मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी आमगाव, सालेकसा भागातल्या बचत गटांत जाऊन तो वाचून दाखवला होता. टाळ्याही घेतल्या. पण त्यानंतरच्या संक्रांतीला माझ्याच घरी माई आत लाडू वळत बसल्या आणि मी बाहेर वाण वाटत राहिले. त्यांना बाहेर या म्हटलं नाही. म्हणून यावेळी हट्टच धरला.

नागपूरला पासपोर्ट, विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन व्हिसाची मुलाखत, हे सगळं वर्षभर चाललं. कुणाच्या मनात असेल तर एक सांगते, अमेरिकेच्या व्हिसावर भागत नाही. सिएटलहून सुटणाऱ्या या मोठ्या बोटी परदेशी नोंदणीच्या असतात आणि अमेरिकेच्या कायद्यामुळं त्यांना वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. ते बंदर म्हणजे बहुधा कॅनडाचं व्हिक्टोरिया. त्यामुळं कॅनडाचाही व्हिसा हवा. कपडे लोकरीचे आणि वर रेनकोट. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून न्या. मी नेली नव्हती, पहिली रात्र बादलीशेजारी काढली.

बोटीवर चढताना फोटोग्राफर प्रत्येक कुटुंबाचा फोटो काढत होता. मुलानं आईचा हात धरला, तोवर माई दोन पावलं बाजूला सरकल्या होत्या. ''तुम्ही काढा.'' घरच्या सगळ्या लग्नांचे अल्बम माझ्या डोळ्यांपुढं आले. सहा वर्षांतल्या एकाही फोटोत माई नाहीत, आणि ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

जेवणघरात वाढणारा एक मुलगा गोव्याचा निघाला. माईंना आजी म्हणायला लागला, दुसऱ्या दिवसापासून वरणभाताची सोय झाली. आठ-नऊ महिने घरी जात नाही म्हणाला. त्यानंतर माई रोज त्यालाच 'जेवलास का रे' विचारायच्या.

जुनो हे अलास्काच्या राजधानीचं गाव, पण तिथं बाहेरून रस्ताच जात नाही. विमानानं या नाही तर बोटीनं. माई म्हणाल्या, ''पावसाळ्यात आपलं भामरागड असंच होते. पण त्याले कोणी राजधानी करत नाही.'' स्कॅगवेला १८९७-९८ मध्ये सोन्याच्या आशेनं हजारो माणसं उतरली होती. तिथली डोंगरातली छोटी रेल्वे सुंदर आहे, पण माईंना भावलं ते केचिकन. पाऊस आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त, ओढ्यावर लाकडी खांब रोवून बांधलेली घरं. सॅमन मासा समुद्रातून फिरून आपल्याच जन्माच्या ओढ्यात येतो, अंडी घालतो आणि मरतो, असं आम्हाला सांगितलं. माई थांबल्या. ''म्हणजे पिल्लांचं तोंडसुद्धा पाहत नाही?'' मग म्हणाल्या, ''बाजारातल्या ढिवर बायांना हे सांगितलं पाहिजे.'' तिथल्या ट्लिंगिट आदिवासींचं कूळ आईकडून चालतं हे कळल्यावर मात्र त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि हसल्या.

ग्लेशियर बेला मात्र बोट कुठं थांबत नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीवर येतात आणि लाऊडस्पीकरवरून माहिती देतात. शेकडो वर्षांचा बर्फ एकमेकांवर दाबला जाऊन नदीसारखा हळूहळू सरकतो. दाबामुळं तो निळा दिसतो, अगदी कपड्यांना घालायच्या निळीसारखा. मार्जरी हिमनदीची भिंत पाण्याच्या वर जवळजवळ अडीचशे फूट. एक मोठा कडा सुटला, पाण्यात गेला, आणि आवाज नंतर आला, तोफेसारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईंनी हात जोडले.

रेंजरबाईंनी सांगितलं, १७९४ मध्ये व्हँकुव्हरची माणसं इथं आली तेव्हा या खाडीची नुसती खाच दिसत होती, मागं सगळा बर्फ. तो आता शंभरेक किलोमीटर मागं गेला आहे. कडे तुटणं हे हिमनदीचं नेहमीचंच, पण अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या आता वितळतात तितक्या भरून येत नाहीत. पुतण्यानं ते मराठीत सांगितलं. माई बराच वेळ कठड्याला टेकून उभ्या होत्या. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही. मग पदर नीट केला, स्वेटरची वरची गुंडी लावली आणि म्हणाल्या, ''माझा एक फोटो काढ. एकटीचा. मागं हे सगळं आलं पाहिजे.''

मोबाइल माझ्या हातात होता. पहिला फोटो हलला. दुसरा चांगला आला.

तो आता त्यांच्या बैठकीत भाऊजींच्या फोटोशेजारी आहे. या संक्रांतीला मी वाणाचं ताट माईंच्या हातात दिलं. दोन जणी वाण न घेताच उठून गेल्या. माईंनी पाहिलं, पण त्या पाटलीणबाईंना हिमनदीचा आवाज कसा होतो ते सांगत होत्या, आणि ते अजून संपलं नव्हतं.