संगणक प्रणालींची पूर्वनिर्धारित सुरक्षा-मांडणी

संगणक प्रणाली विकत घेतल्यावर तिच्यात काहीही बदल न करता ती ज्या सुरक्षा-नियमांनुसार चालते, त्या नियमांच्या संचास पूर्वनिर्धारित सुरक्षा-मांडणी म्हणतात. कोणी कोणती माहिती पहावी, बाहेरील संगणकांशी कोणत्या मार्गांनी संपर्क व्हावा इ. गोष्टी तीवरून ठरतात. तिचे मुख्य प्रकार दोन : मुक्त मांडणीत स्पष्टपणे मना नसलेले सर्व चालते, कडक मांडणीत स्पष्ट परवानगी असलेलेच चालते.

जे. एच. सॉल्टझर व एम. डी. श्रोडर यांनी १९७५ मध्ये कडक मांडणीचा पुरस्कार केला. तीत परवानगी देण्याचे राहिल्यास काम अडते व चूक लगेच उघड होते. मुक्त मांडणीत मनाई करण्याचे राहिल्यास काम सुरळीत चालते आणि चूक दीर्घकाळ दडून राहते.

विंडोज प्रणालीत संचिका सामायिक करण्याची एक जुनी पद्धत (एसएमबी आवृत्ती १) गरज उरली नसतानाही अनेक संगणकांवर चालू राहिली होती. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने आपल्या प्रसारासाठी इतर मार्गांबरोबर या पद्धतीतील दोषाचाही उपयोग केला. दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे संगणक या हल्ल्यात बंद पडले व न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडे असलेल्या टर्मिनलवरील मालपेट्यांची हाताळणी विस्कळीत झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या व्यवसायसंस्थांसाठीच्या नव्या आवृत्तीत ही पद्धत मुळात बसविणे बंद झाले.

कडक मांडणीचे भारतातील उदाहरण बँकांच्या कार्डांचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड देताना ते केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांवर, यंत्राशी प्रत्यक्ष स्पर्श करूनच चालावे, असे ठरले. परदेशी, ऑनलाइन व स्पर्शाविना होणारे व्यवहार खातेदाराने स्वतः सुरू करावयाचे असतात.

तथापि कडकपणालाही मर्यादा आहे. नित्याचे काम वारंवार अडू लागल्यास कर्मचारी एकमेकांचे परवलीचे शब्द वापरू लागतात, किंवा त्रासून सर्वच मार्ग खुले करून टाकतात. म्हणून आरंभी मार्ग बंद ठेवणे, गरजेपुरती परवानगी तत्परतेने देणे व दिलेल्या परवानग्यांची नोंद ठेवून त्यांचा वेळोवेळी फेरविचार करणे, ही पद्धत श्रेयस्कर ठरते.