अर्धा लिटर दूध, तीस किलोचा सिलिंडर

सकाळी साडेसहाला दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलायला वाकलो आणि तिथंच राहिलो. वर येता येईना, खाली बसता येईना. अर्ध्या लिटरची पिशवी बोटांपासून वीतभर अंतरावर, आणि कमरेत कुणी पाचर ठोकावी तशी कळ. समोरच्या आजींनी दार उघडलं, एक नजर टाकली आणि निदान करून मोकळ्या झाल्या, ‘‘उसण भरली.’’

दुपारपर्यंत जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापली, पाठीवरून लाटणं फिरलं. संध्याकाळी आजींनी इमारतीतला पायाळू शोधून काढला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याची लाथ बसली की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. आमचा पायाळू बारावीत शिकणारा. बिचाऱ्यानं लाजत लाजत कमरेला नुसता अंगठा लावला आणि पळाला. उसण काही गेली नाही. घर मात्र पोटभर हसलं. मीही हसलो आणि पुन्हा कळवळलो. शेकानं तेवढं खरंच बरं वाटलं.

चुकलो ते पुढे. ‘फळीवर किंवा जमिनीवर सरळ पडून राहायचं’ हा प्रत्येक भेटायला येणाऱ्याचा सल्ला मानून मी चार दिवस चटईवर काढले. पाचव्या दिवशी उठलो तेव्हा कंबर आणखी आखडलेली. डॉक्टरांनी आधी माझ्या मते नको ते प्रश्न विचारले: लघवीवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय का, पायातली ताकद गेलीय का, ताप, वजन घटणं, कुठं पडलात का? सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यावर ते निवांत झाले. मी एमआरआयचं विचारलं. ते म्हणाले, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्या फुगलेल्या दिसतात आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या. तुमच्यातही काहीतरी दिसेलच, मग तुम्ही त्याच्याच चिंतेत झोपून राहाल. १९८६ साली अमेरिकेत कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगून पाहिलं होतं. दुखणं दोघांचंही सारखंच बरं झालं. दोन दिवसवाल्यांच्या रजा तेवढ्या कमी झाल्या.

त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. तिशीतली मुलगी. मला वाटलं यंत्र लावेल, पट्टा देईल. ती म्हणाली, ‘‘काका, दूध कसं उचललंत ते दाखवा.’’ जमिनीवर रुमाल टाकला होता. मी गुडघे ताठ ठेवून पाठीची कमान करत वाकलो. ‘‘आता हा धरा,’’ म्हणत तिनं झाडूचा दांडा माझ्या पाठीला उभा लावला. डोक्याची मागची बाजू, खांद्याच्या दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला हवा, आणि तो न सुटता वाकायचं. मी वाकलो की खालचं टोक सुटायचं. ते सांभाळलं की डोकं सुटायचं. पन्नास वर्षं वाकत आलेला माणूस, आणि वाकता येत नव्हतं. आठ-दहा वेळा नापास झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘दोन्ही हातांत पिशव्या असल्या की फ्रिजचं दार कसं लावता?’’

‘‘ढुंगणानं.’’

‘‘मग तेच करा.’’

गुडघे किंचित मोडले, बूड मागे गेलं, अंग खुब्यातून पुढे झुकलं आणि दांडा तिन्ही ठिकाणी चिकटून राहिला. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या. कंबर गप्प होती. रुमालासारख्या हलक्या वस्तूसाठी आणखी सोपी युक्ती तिनं दाखवली: एक हात टेबलावर, एक पाय तराजूच्या पारड्यासारखा मागे उचलायचा आणि अंग पुढे झुकू द्यायचं.

सकाळचं वाकणंच नेमकं का नडलं, तेही तिनं सांगितलं. रात्रभर झोपलेल्या पाठीतल्या गाद्या पाणी शोषून टम्म होतात. संध्याकाळपेक्षा सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळे, आणि त्यातली बरीच उंची उठल्यावर पहिल्या तासाभरात ओसरते. तोवर कमरेतून वाकलं की फुगलेल्या गादीवर जास्त ताण येतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचं वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, असं १९९८च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. माझं दात घासणं, बादली उचलणं, मोजे घालणं, दूध घेणं हे सगळं त्याच तासातलं.

त्याच आठवड्यात गॅस आला. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पूर्वी मी पैसे देऊन दार लावायचो. या वेळी जिन्याच्या कठड्याशी उभा राहून पाहिलं. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, लोखंडासकट वजन तीस किलोच्या आसपास. गॅसवाल्यानं तो उचलला नाहीच. तिरका करून बुडाच्या कडीवर तळहातानं गरगर फिरवत जिन्यापर्यंत आणला. मग टप्प्याटप्प्यानं तिसऱ्या पायरीवर चढवला, स्वतः खालीच उभा राहून पाठ फिरवली, गुडघे मोडले आणि तो खांद्यावर ओढून घेतला. म्हणजे जमिनीपासून खांद्यापर्यंतचं अर्धं अंतर पायऱ्यांनीच खाल्लं. वर आल्यावर चौकट धरून तो खाली बसला आणि सिलिंडर मांडीवरून घसरत फरशीवर उतरला, आवाज न करता.

‘‘पाठ दुखत नाही?’’ मी विचारलं.

‘‘दुखतीय की. रात्री पोरगं पाय देतंय पाठीवर. पण मांडीनं उचललं तर नुसती दुखतीय, कमरेनं उचललं तर घरी बसावं लागतंय.’’

दिवसाला असे किती जिने, ते विचारायचा धीर झाला नाही. त्याच्या वाट्याला आलेलं ओझं आणि माझ्या वाट्याला आलेली खुर्ची यांची तुलना करणंच लाजिरवाणं. पण मुद्रितं तपासत दिवसाचे आठ तास बसतो, तेव्हा माझी पाठही कामालाच असते. पाण्याची बाटली टेबलावरून हलवली; आता एक फुलपात्र ठेवतो, रिकामं झालं की स्वयंपाकघरात जावं लागतं. फोन आला की गॅलरीत फेऱ्या. चटई गुंडाळली आणि गादीवर परतलो: २००३ साली स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीवाल्यांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना अधिक आराम पडला होता. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक उशी. बायको तिला ‘तिसरं माणूस’ म्हणते.

आणि तळजाई टेकडीवर चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्या मुलीनं सांगितला. कंबरदुखीतून नुकतंच उठलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू चालण्याची सवय लावली, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे उद्दिष्ट. दुखणं पुन्हा उलटायला त्यांना साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. म्हणजे उलटतं ते उलटतंच, पण उशिरा. माझं एकदा उलटलंही, गणपतीची आरास काढताना. त्या वेळी दुसऱ्याच दिवशी हळूहळू चालायला लागलो आणि आठवड्यात मोकळा झालो. पायाळूला बोलावलं नाही.

दुधाचा प्रश्न बायकोनं सोडवला. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवली. दूधवाला त्यातच दूध टाकतो, मला वाकावंच लागत नाही. परवा गॅसवाल्यानं ती पिशवी निरखून पाहिली आणि घाम पुसत म्हणाला, ‘‘हे झ्याक केलंत काका. माझ्यासाठी पण एक अडकवा, जरा मोठी.’’